सहा म्हणजे सहा

"फक्त एक सत्कार, ताई. एकच," नागसेन म्हणाला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

रूपालीने लॅपटॉपवरून मान वर केली. शाहूपुरीत गादीच्या दुकानावर तिने एक खोली घेतली होती. दाराबाहेर नवी कोरी पाटी लागली होती, 'वेळेवर', आणि खाली बारीक अक्षरांत, 'तुमचं कार्य, पत्रिकेत छापलेल्या वेळेला'. लग्न असो, बारसं असो, दुकानाचं उद्घाटन असो, ठरल्या वेळेला सुरू करून ठरल्या वेळेला संपवून देणारी कंपनी. तिचा शुभारंभ या शनिवार-रविवारी होता. शनिवारी संध्याकाळी सहा ते सात कार्यक्रम, रविवारी दिवसभर गल्लीतले मंडपवाले, आचारी, बँडवाले, फोटोवाले यांना कंपनीशी जोडून घ्यायचं, आणि संध्याकाळी सातला समारोप. धाकटा भाऊ नागसेन निम्म्याचा भागीदार. तो तालमीचा हॉल मागायला गेला होता आणि हॉलबरोबर हा सत्कार घेऊन आला होता.

"कुणाचा?" तिने विचारलं.

"अमरसिंहदादांचा. तालमीच्या अध्यक्षांचा. हॉल फुकट दिला की त्यांनी, दोन्ही दिवस! म्हटले, भाडं-बिडं काय नको, घरचंच कार्य हाय. फकस्त स्टेजवर एक फेटा बांधा."

"आणि तू हो म्हणालास."

"मग काय न्हाय म्हणू? तोंडावर?"

नागसेनला नाही म्हणता येत नसे. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याबरोबर तो त्याच्या घरापर्यंत चालत जायचा. अशी माणसं सगळ्यांना हवीहवीशी वाटतात, आणि त्यांनी दिलेले शब्द पाळता पाळता त्यांच्या घरातली बाकीची माणसं तापट म्हणून बदनाम होतात. रूपाली शाळेत असल्यापासून बदनाम होती.

"एकाचा सत्कार केला की दुसऱ्याचा करावा लागतो," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे हे सगळं. मी याच सत्कारांच्या विरोधात कंपनी काढलीये, नागसेन!"

खोटं नव्हतं ते. आपल्याकडे माणूस निवडून आला की सत्कार, पडला की चांगली लढत दिली म्हणून सत्कार, दवाखान्यातून घरी आला की सुखरूप आला म्हणून सत्कार. ज्याच्यासाठी कार्यक्रम ठेवला तो कोपऱ्यात घाम पुसत उभा असतो, आणि ज्यांचा काही संबंध नाही ती माणसं मांडीवर नारळ घेऊन स्टेजवर बसलेली असतात. हे बघून कुणाचंच डोकं कसं फिरत नाही, याचं रूपालीला नवल वाटायचं. तिचं मात्र फिरलं होतं, आणि कायमचं फिरलं होतं, ते वडिलांच्या निरोप समारंभात.

यल्लाप्पा एका साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्तीच्या आधी महिनाभर त्यांनी भाषण पाठ केलं. सलग, एका दमात. मध्ये कुकरची शिट्टी झाली किंवा दारात कुणी हाक मारली की त्यांचा धागा तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. मधूनच उचलून पुढे जाणं त्यांना जमतच नसे. आणि मीनाबाई खोलीत आल्या की ते एकदम गप्प व्हायचे, कारण शेवटचं वाक्य बायकोबद्दल होतं. मीनाबाईंना त्यातलं 'आणि शेवटी' एवढंच भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. समारंभाला त्या नवी हिरवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. मग साहेब बोलले, साहेबांचे साहेब बोलले, शेजारच्या गावच्या पतसंस्थेचे कुणी बोलले, प्रत्येकाने यल्लाप्पांचं नाव वेगवेगळं घेतलं, आणि यल्लाप्पा बोलायला उठणार तेवढ्यात पाळी बदलायचा भोंगा झाला. सगळे निघून गेले. गळ्यात हार आणि पोटात भाषण घेऊन यल्लाप्पा घरी आले. "जाऊ दे की," एवढंच म्हणाले. मीनाबाईंनी साडीची घडी घातली आणि ट्रंकेत तळाशी ठेवून दिली.

रूपालीला त्या दिवशी आलेला राग उतरलाच नाही. पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडायला तो राग पुरला. शुभारंभ आण्णांच्याच, म्हणजे वडिलांच्याच, हस्ते करायचा हे तिने पाटी रंगवायच्या आधीच ठरवलं होतं.

आणि या सगळ्यात खरी मेख होती ती सयाजीरावांची. आजऱ्याला त्यांचा काजूचा कारखाना. कुणाकडून तरी ऐकून ते स्वतः शाहूपुरीतला तो जिना चढून आले होते. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली होती.

"थोरल्याचं लगीन झालं आमच्या. शुभाशीर्वादाची भाषणं सुरू झाली, एक पुढारी बसतोय की दुसरा उठतोय. मुहूर्त गेला. भात गार झाला. नवरदेवाला चक्कर आली, तर माईकवाला म्हणतोय, नवरदेव भावनाविवश झालेत! आता धाकटीचं, वर्षाराणीचं लगीन हाय. तुला देतो. पर आधी बघणार. तुझा स्वतःचा कार्यक्रम सहाला म्हणजे सहाला सुरू झाला आणि सातला म्हणजे सातला संपला, तर काम तुझं. न्हायतर मी आपला आलो तसा जातो आजऱ्याला."

कंपनीकडे दुसरं एकही काम नव्हतं. हे मिळालं नाही तर पाटी उतरवून पुण्याला परत जायचं, हे रूपालीने कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते सगळ्यांना माहीत होतं.

तर, एक सत्कार. शुक्रवारी सकाळी तालमीच्या उपाध्यक्षांचा नागसेनला फोन आला. अध्यक्षांना फेटा आणि आमच्या डोक्याला काय खवडा झालाय काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. नागसेन म्हणाला, "व्हय व्हय, तुमचाबी." दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या तालमीला हे कळलं. दोन्ही तालमींच्या फुटबॉल टीम एकमेकींच्या उरावर बसलेल्या. एका तालमीचा सत्कार केला आणि दुसरीचा केला नाही, तर रविवारी त्या गल्लीतला एकही मंडपवाला हॉलकडे फिरकला नसता. नागसेन म्हणाला, "असं कसं, तुमचाबी." मग चहा करणाऱ्या महिला मंडळाला वाटलं, सगळे पुरुषच फेट्यात बसणार आणि आम्ही काय कपबश्या विसळायच्या? बरोबरच होतं त्यांचं. मग स्पीकरवाला म्हणाला, मी एकटाच राहिलो.

"त्याला पण हो म्हणालास?" रूपालीने विचारलं.

"स्पीकर त्याचा हाय, ताई. बंद केला म्हणजे?"

रूपालीने हातातला स्टेपलर भिंतीवर मारला. खालून गादीवाल्याने वर बघून विचारलं, "काय झालं ओ?" नागसेन खिडकीतून म्हणाला, "काय न्हाय, या उद्या कार्यक्रमाला. तुमचाबी सत्कार करू."

शेवटी रूपालीने तोड काढली. सत्काराच्या सगळ्या मंडळींनी पाचला यायचं. फेटे बांधून घ्यायचे. सहाला सगळे तयार होऊन खुर्चीत. स्टेजवर फक्त नाव पुकारायचं, टाळी, पुढचं नाव. तिने सगळ्यांना स्वतः फोन केले. सगळे म्हणाले, "पाच म्हणजे पाच!" या गावात इतक्या ठामपणे बोलणारा माणूस हमखास उशिरा येतो, हे तिला कळायला हवं होतं.

शनिवारी पाचला हॉलमध्ये फक्त गुंडू फेटेवाला होता. हा एक मोठा कलाकार माणूस. फेटा बांधताना तो जगाला विसरतो. पीळ देतो, मागे सरतो, डोळा बारीक करून बघतो, मान हलवतो, सोडतो, पुन्हा बांधतो. साडेपाचला माणसं येऊ लागली आणि त्याच्यापुढे रांग लागली. ज्यांचा सत्कार होता ते आले. त्यांच्याबरोबर आलेलेही रांगेत उभे राहिले, कारण फेटा दिसला की डोकं पुढे करायचं हे आपल्या रक्तातच आहे. कुणाचा तरी मेहुणा गारगोटीहून सहज आला होता, तोही बसला.

"मामा, जरा उरका की," रूपाली म्हणाली.

"उरकायला ही काय जावळं हायत?" गुंडू म्हणाला आणि बांधलेला फेटा सोडून पुन्हा बांधायला लागला.

पहिल्या रांगेत सयाजीराव येऊन बसले होते, त्यांच्या शेजारी यल्लाप्पा आणि मीनाबाई. मीनाबाई हिरवी साडी नेसल्या होत्या. रूपालीला ती साडी दिसली, पण तिच्याकडे बघायला तिला वेळ नव्हता. सहाला पाच कमी होते, स्टेजवर चिटपाखरू नव्हतं, अध्यक्षांचा पत्ता नव्हता, आणि नागसेन म्हणत होता, "दादा निघालेत, ताई. अध्यक्षांशिवाय कसं सुरू करायचं? बरं दिसत न्हाय. जरा पाच-धा मिनिटं..."

सयाजीरावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग खिशातून एक काजू काढून तोंडात टाकला.

रूपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्यात राहून तिची भाषा बरीच शहाणी झाली होती. पण राग आला की ती शहाणी भाषा आधी पळून जायची. सहावर काटा आला तशी तिने माईक हातात घेतला.

"सहा वाजलं! कार्यक्रम सुरू झाला!" तिचा आवाज असा काही गेला की गादीवाला उठून उभाच राहिला. "ज्यांच्या डोक्याला फेटा हाय त्यांनी खाली बसा. ज्यांच्या न्हाय त्यांनीबी बसा. अर्धा बांधलाय त्यांनी उरलेला हातात धरून बसा! गुंडूमामा, हात थांबवा. सगळ्यांचा सत्कार झाला. टाळ्या वाजवा. झाल्या? बास. नारळ दाराजवळ पोत्यात हायत, जाताना एकेक उचला. शाल ज्याला थंडी वाजती त्यानं घ्या!"

हॉलमध्ये असं कुणी कधी बोललं नव्हतं. जो तो जिथे होता तिथे बसला. उपाध्यक्षांच्या अर्ध्या डोक्यावर फेटा आणि उरलेलं कापड गुंडूच्या हातात, असे दोघं एका दोरीला बांधल्यासारखे शेजारी शेजारी बसले. सयाजीरावांच्या मिशीखाली हसू आलं. त्यांनी दुसरा काजू काढला आणि यल्लाप्पांना दिला.

"आता शुभारंभ," रूपाली म्हणाली. आण्णांना स्टेजवर आणताना तिने त्यांच्या कानात सांगितलं, "तीन मिनिटं, आण्णा. 'कंपनी सुरू झाली' म्हणा आणि बसा. पुढचं मी बोलते."

यल्लाप्पांनी मान हलवली. त्यांची मान नेहमीच हलायची. त्यांनी माईक धरला, समोर बघितलं. खुर्च्यांच्या रांगा, हार, फेटे, आणि पहिल्या रांगेत हिरव्या साडीत बसलेली बायको. काय झालं असेल ते झालं. इतकी वर्षं पोटात पडून असलेलं आपोआप वर आलं.

"आदरणीय चीफ इंजिनिअर साहेब," यल्लाप्पा म्हणाले, "सर्व खातेप्रमुख, आणि माझ्या कामगार बंधूंनो!"

लोक मागे वळून चीफ इंजिनिअर शोधायला लागले. रूपालीने लगेच ओळखलं. निरोपाचं भाषण होतं ते. मनातल्या मनात तिने हिशेब केला. घरी ऐकलेलं होतं, फार मोठं नव्हतं. न अडता झालं तर निभावेल. बोलू दे, ती स्वतःशी म्हणाली, आणि क्षणभर तिला बरंही वाटलं.

यल्लाप्पा नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत आले आणि माईकने शिट्टी मारली. ते थांबले. स्पीकरवाला सत्कार हुकल्याच्या रागात बसला होता, त्याने सावकाश उठून बटण फिरवलं.

"आदरणीय चीफ इंजिनिअर साहेब," यल्लाप्पांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्यांदा ते पहिल्या गळीत हंगामापर्यंत गेले. तेवढ्यात गुंडूला राहवलं नाही. त्याने बसल्या बसल्या उपाध्यक्षांच्या फेट्याला हळूच एक पीळ दिला, उपाध्यक्ष मान सोडवायला उठले, कापड गारगोटीच्या मेहुण्याच्या पायात आलं आणि तो दोन खुर्च्या घेऊन आडवा झाला.

"आदरणीय चीफ इंजिनिअर साहेब..."

तिसऱ्यांदा बॉयलरच्या दुरुस्तीपर्यंत मजल गेली होती, तेव्हा बाहेर हलगी वाजायला लागली. अमरसिंहदादा आले होते. साडेसहा वाजून गेले होते, आणि आपण वेळेच्या आधी आलो असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते सरळ स्टेजकडे निघाले. रूपाली आडवी गेली.

"बसा दादा, खाली."

"खाली? आमच्या हॉलमधी आम्हालाच खाली?"

"हॉल तुमचा हाय. वेळ माझी हाय. सत्कार झाला तुमचा, सहा वाजता. तुम्ही नव्हता."

दादांना जन्मात असं कुणी बोललं नव्हतं. ते लाल झाले. सयाजीरावांच्या मागच्या खुर्चीत धाडकन बसले, काय चाललंय ते शेजारच्याला विचारून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. आम्हाला येळ, आणि हिचा बाप बोलतोय अर्धा तास. घरच्या माणसाला घड्याळ न्हाय वाटतं."

हे रूपालीला जे लागलं, ते लागलं. कारण खरं होतं. तिकडे यल्लाप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले होते, आणि आता मात्र काही आडवं येत नव्हतं. बॉयलर झाला, संप झाला, अपघातातून वाचलेलं बोट झालं. लोक ऐकायलाही लागले होते. पण रूपालीच्या कानात शब्द शिरत नव्हते. सयाजीरावांनी घड्याळ मनगटावरून काढून गुडघ्यावर ठेवलं होतं आणि तिला तेवढंच दिसत होतं.

"आणि शेवटी," यल्लाप्पा म्हणाले. त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. मीनाबाई पदर सारखा करून ताठ बसल्या.

रूपालीच्या मोबाइलचा गजर वाजला. तिने वडिलांच्या हातातला माईक काढून घेतला.

"सात वाजले. कार्यक्रम संपला. धन्यवाद."

कंपनीची माहिती राहिली, नागसेनचं आभाराचं भाषण राहिलं, कंपनी सुरू झाली असं म्हणायचंही राहिलं. पण सात म्हणजे सात. सयाजीराव उठून उभे राहिले आणि त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

"जी पोरगी बापाच्या हातातला माईक काढून घेती, ती माझ्या व्याह्यांना सोडती व्हय!" ते अमरसिंहदादांना म्हणाले. "लगीन तुझं, पोरी. उद्या समारोपाला सुपारी फोडू."

रूपाली हवेत घरी आली. घरात आल्याबरोबर खाली आली. मीनाबाईंनी हिरवी साडी बदलली नव्हती. त्या तशाच ओट्यापाशी उभ्या होत्या आणि पातेली धुवायची सोडून आपटत होत्या.

"आई, लग्न मिळालं आपल्याला!"

"तू त्यांचा माईक काढलास असं वाटतंय व्हय तुला?" मीनाबाई मागे न बघता म्हणाल्या. "माझा काढलास."

"अगं, एक वाक्य तर राहिलं. घरी ऐक की आता आण्णांकडून."

"घरात? घरात ते, मीठ कमी हाय, एवढंच बोलतात!" पातेलं पुन्हा आपटलं. "त्या कारखान्यातली माणसं परकी होती. त्यांचा राग धरून तू एवढी कंपनी काढलीस. आता मी कुणावर कंपनी काढू?"

आई खरं बोलली की रूपालीला जास्तच राग यायचा. "मग काय सयाजीरावांना घालवू? पाटी उतरवू?" ती ओरडली. यल्लाप्पा खाटेवर बसून चहा पीत होते. "जाऊ दे की," ते म्हणाले. तेव्हा मात्र दोघी एकदमच त्यांच्यावर ओरडल्या.

रविवार असा गेला की कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. नऊला म्हटलं होतं, नऊला आचारी आले. दहाला बँडवाले आले, आणि दहा वाजून गेल्यावर आलेल्या कॉर्नेटवाल्याला रूपालीने हॉलच्या दारातूनच परत पाठवलं. शनिवारची बातमी गल्लीत फिरली होती. लोक तिला वचकून होते. फोटोवाल्याने आपलं घड्याळ तिच्या घड्याळाशी लावून घेतलं. संध्याकाळी सातच्या आधीच हॉल भरला. अमरसिंहदादा सर्वांत आधी आले, घरूनच फेटा बांधून. हे बघून रूपालीची छाती भरून आली, आणि हेच वाईट झालं.

सातला ती समारोपाला उभी राहिली. दहा मिनिटं बोलणार होती. आधी तिने सर्वांचे आभार मानले. मग आपल्याला ही कल्पना कशी सुचली ते सांगितलं. मग पुण्यात काय सोसलं ते सांगितलं. लोक टाळ्या देत गेले. मग परदेशात कार्यक्रम कसे होतात ते आलं, मग तरुणांनी काय करावं ते, मग तरुणांनी काय करू नये ते. नागसेन खाली बसून मनगटाकडे बोट दाखवत होता. तिला वाटलं, तो हात हलवून वाहवा म्हणतोय. माणसाच्या हातात माईक आला की त्याचं काय होतं, याचा तिने एवढा अभ्यास केला होता. पण स्वतःच्या हातात आल्यावर काय होतं, तेवढा धडा राहून गेला होता. बोलणाऱ्यांवर इतकी वर्षं जळफळलेली मुलगी पाऊण तास बोलत राहिली. सयाजीराव सुपारी हातात धरून बसले होते. त्यांनी घड्याळ मनगटावरून काढून गुडघ्यावर ठेवलं.

पहिल्या रांगेतून मीनाबाई उठल्या. तीच हिरवी साडी. स्टेजच्या पायऱ्या चढल्या, लेकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या हातातला माईक काढून घेतला.

"बास. तुझी येळ संपली."

पहिली टाळी अमरसिंहदादांनी वाजवली. मग हॉल दणाणला. फेटे उडाले. सयाजीराव मांडीवर थाप मारून ओरडले, "ओ ताई, वर्षाराणीच्या लग्नात स्टेजवर तुम्हीच उभ्या ऱ्हावा! पोरीला मंडपाबाहेर गाड्या लावायला ठेवू!"

 रूपालीला राग यायला हवा होता, पण तो कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं. ती गुपचूप नारळाच्या पोत्यावर जाऊन बसली.

मीनाबाईंचं टाळ्यांकडे लक्षच नव्हतं. "उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वर या. बोला."

"काय बोलू?" यल्लाप्पा उठता उठता म्हणाले.

"कालचं ऱ्हायलेलं."

"मधनं येत न्हाय गं मला."

"मग पहिल्यापासनं बोला!" मीनाबाईंनी माईक त्यांच्या हातात कोंबला आणि हॉलकडे तोंड केलं. "आणि कुणी शिंकलं जरी, तरी मी बघून घेईन."

हॉलमध्ये माणसं श्वास धरून बसली. सगळ्यांनी मोबाइल बंद केले. स्पीकरवाला बटणावर हात ठेवून देवळात उभा असल्यासारखा उभा राहिला. गुंडूच्या समोर एक सैल फेटा होता, त्याने हात पाठीमागे बांधून घेतले. नागसेनला बाहेरून कुणी तरी खुणेने काही विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मानेने नाही म्हटलं.

"आदरणीय चीफ इंजिनिअर साहेब," यल्लाप्पा म्हणाले.

या वेळी कुणी मागे वळून पाहिलं नाही. हंगाम झाला, बॉयलर झाला, संप झाला. अपघातातल्या बोटापाशी अमरसिंहदादांनी डोळे पुसले. आणि मग ते शेवटी आलं.

"आणि शेवटी, माझी बायको मीना," यल्लाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला. "एवढ्या वर्षांत कारखान्याचा भोंगा कधी मागं-पुढं झाला असंल. पर हिचा डबा कधी चुकला न्हाय. मी रोज येळेवर कामाला गेलो, ते हिच्यामुळं गेलो. जय भीम."

कुणी टाळीही वाजवली नाही, कारण वाजवावी की नाही ते कळत नव्हतं. पोत्यावर बसलेल्या रूपालीला 'एक वाक्य तर राहिलं' या आपल्या कालच्या बोलण्याची आता खरी लाज वाटली. मीनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि एवढ्या लोकांत आलं म्हणून त्यांना त्याचाच राग आला होता.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी मला एवढी वर्षं बसवली? आणि बोला की थोडं! आता कुणाची येळ झालीय?" त्यांनी डोळे वटारून पहिल्या रांगेकडे बघितलं. सयाजीरावांनी गुडघ्यावरचं घड्याळ उचललं आणि खिशात टाकलं.

यल्लाप्पांनी बायकोकडे बघितलं, माईककडे बघितलं. पुढचं काही त्यांना पाठ नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"आदरणीय चीफ इंजिनिअर साहेब," ते म्हणाले.